ताईच्या मशीनमधला पांढरा थर

भावजी गेल्यावर ताई पुण्याचं घर आवरून अकोल्याला, जठारपेठेत बाबांकडे राहायला आली. बहुतेक सामान तिने वाटून टाकलं होतं. भावजींचं एस्प्रेसो मशीन मात्र गाडीत मांडीवर धरून आणलं. रोज सकाळी ती त्यावर एक कप कॉफी करायची आणि कोणाशी न बोलता प्यायची. तेवढा वेळ तिला कोणी हाक मारत नसे.

आमच्या बोअरला खारं पाणी. बादलीला, नळाच्या तोटीला, गिझरच्या कॉइलला पांढरा थर धरतोच. प्यायला फिल्टरचं पाणी असायचं, पण मशीनच्या टाकीत ताई सरळ नळाचंच भरायची. उकळतंच तर आहे, म्हणायची.

मी अमरावतीला असते. त्या रविवारी अकोल्याला पोचले तेव्हा ती मशीनसमोर उभी होती. पंप घरघरत होता आणि कपात थेंबही पडत नव्हता.

"काहून असं करून राहिलं हे?" मी विचारलं.

"धार बारीक होत चालली होती. आज तं काहीच नाई."

घरघर चढत गेली. ताईने बटण बंद केलं आणि कॉफीची भुकटी भरलेल्या वाटीची मूठ धरली.

"थांब ताई! आत दाब असंल."

"दाब असता तं कॉफी नसती आली काय?"

तिने मूठ फिरवली आणि जोरात फट्ट झालं. उकळता चोथा भिंतीवर, ओट्यावर आणि तिच्या मनगटावर उडाला. मी तिला ओढतच नळाखाली नेलं. बाबा अंगणातून धावत आले.

"काय फुटलं?"

नळाच्या धारेखाली ताईचा हात लालबुंद झाला होता. ती रडत होती, पण हाताकडे पाहत नव्हती.

"त्यायची एवढीच एक वस्तू होती," ती म्हणाली, "अन् मी तेबी मारली."

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी हात पाह्य. मशीनचं मग पाहू."

मनगटाला मलम लावून, मशीन पूर्ण गार झाल्यावर मी वाफेची नळी उघडून उरलासुरला दाब सोडला. मोबाइलवर वाचलं होतं की आत साचलेला पांढरा थर आंबट पाण्याने सुटतो, पण व्हिनेगरने आतले रबर खराब होतात, वासही जात नाही. म्हणून किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणलं. कोमट पाण्यात ते विरघळवून टाकीत भरलं आणि वाटी न लावता बटण दाबलं.

पंप कण्हल्यासारखा वाजला. पाणी आलं नाही.

"जळून जाईन ते. बंद कर," ताई म्हणाली.

बंद केलं. आंबट पाणी आत मुरू दिलं. तो वेळ फार वाईट गेला. बाबा ओट्यावरचा चोथा पुसत होते, ताई पाठ करून बसली होती. पंप खरंच जळला तर तिला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. पुन्हा बटण दाबलं. एक थेंब आला. मग खाकरल्यासारखा आवाज होऊन पिठासारखं पांढरं पाणी पडलं, त्यात कवचासारखे कपचे. ताई उठून जवळ आली.

"अजून येऊन राहिलं," ती हळूच म्हणाली.

मी वाफेच्या नळीतूनही तेच पाणी सोडलं. मग आंबटपणा जाईपर्यंत फिल्टरचं साधं पाणी टाकीत भरून पुन्हा पुन्हा काढलं. शेवटी धार सरळ, सलग पडू लागली. डाव्या हाताने ताईने भुकटी भरली. कॉफी उतरली तेव्हा तिने आणखी दोन कप काढले.

"बसा," ती म्हणाली.

बाबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "जावईबापू हे कसं पेत होते?"

ताईने सांगायला सुरुवात केली. ते सकाळी किती चिडचिड करत, कॉफी होईपर्यंत कोणाला बोलू देत नसत, दूध घातलं की कसे रागावत. भावजी गेल्यानंतर पहिल्यांदाच ती त्यांच्याबद्दल बोलत होती, आणि आम्ही दोघं कडू कॉफी पीत ऐकत होतो.