टपकणारा व्हॉल्व्ह

२००१च्या जानेवारीत, एका शुक्रवारी, आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या भाड्याच्या व्हिलात गरम पाण्याची जुनी, उघडी व्यवस्था काढून बंदिस्त व्यवस्था बसवण्यात आली. शनिवारी पहाटे वडिलांनी तिचा सुरक्षा व्हॉल्व्ह बूच मारून बंद केला.

जुन्या व्यवस्थेत बॉयलरची एक नळी गच्चीवरच्या टाकीत उघडी सोडलेली होती. तापून फुगलेले पाणी तिथे सांडे. शॉवरला मात्र करंगळीएवढी धार येई. पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेले वडील ही तक्रार रोज नाश्त्याला मांडत. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. त्यामुळे पाण्याविषयी त्यांना काही सांगण्याची सोय नव्हती.

घरमालक अखेर तयार झाला. मल्याळी प्लंबरने ती नळी कायमची बंद केली, पंप जोडला, न्हाणीघरातल्या बॉयलरवर दाबाचा काटा आणि सुरक्षा व्हॉल्व्ह बसवला.

"अंकल, पानी गरम होगा तो ये टपकेगा. टपकने देना."

वडिलांनी मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी लोकांना गळक्या नळांबद्दल नोटिसा पाठवल्या होत्या. त्यांच्या बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी पाना, टेप आणि दोन पितळी बुचे होती. परदेशात काय मिळेल, सांगता येत नाही.

शनिवारी सकाळी माझी मुलगी आंघोळीला गेली आणि लगेच बाहेर आली. शाळेच्या बसला वीस मिनिटे होती.

"आजोबा, द नीडल इज इन द रेड."

"इथे सगळ्यालाच लाल रंग देतात. जा, आंघोळ उरक."

"आय अ‍ॅम नॉट गोइंग इन."

वडील स्वतः पाहायला आत गेले. काटा लाल पट्टीच्या टोकाला होता. मी बॉयलरचा स्विच बंद केला.

"बाबा, बाहेर या."

"अरे, मी छत्तीस वर्षं—"

"बाबा, आधी बाहेर या."

मुलगी आंघोळीशिवाय शाळेत गेली. दहा मिनिटांत, इन्शाल्ला, येणारा प्लंबर दीड तासाने आला. त्याने स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ उघडला. पाणी सिंकबाहेर उडाले. मग त्याने बूच काढून वडिलांच्या तळहातावर ठेवले.

"अंकल, आप इंजिनियर हो?"

"वॉटर सप्लाय."

"मुझे लगा था."

रविवारी सकाळी व्हॉल्व्हखाली बादली होती. तिच्यात चार बोटे पाणी जमले होते. वडिलांनी ते कढीपत्त्याच्या कुंडीत ओतले आणि बादली परत जागेवर ठेवली.