रुखमाबाई सायकल सोडत नाही

पुसदच्या बस स्टँडसमोर रुखमाबाईचा सायकल स्टँड आहे. वर चार पत्रे, खाली सायकलींची रांग आणि दाराशी स्टुलावर ही बाई. मांडीवर लोखंडी नळी. पुसदातल्या निम्म्या चोरांच्या पाठीला त्या नळीची जाडी ठाऊक आहे. रुखमाबाईला समोरचे दोन दात नाहीत. एका भामट्याने तोंडावर साखळी हाणली तेव्हा ते पडले. पण त्याच रक्ताळलेल्या तोंडाने तिने त्याच्या मनगटाचा असा लचका तोडला की लेकाचा रडत रडत आपणच पोलिसांकडे पळाला. ठाण्यातले लोक तिला हात जोडतात, "मावशी, चोर द्या, पण चालत येईल असा द्या."

बाई रागीट आहे, त्यात वाद नाही. पण उगाच नाही. स्टँडवरच्या बहुतेक सायकली पोरींच्या. खेड्यातून एसटीने येतात, इथली सायकल काढतात आणि गावाबाहेरच्या कॉलेजात जातात. सायकल चोरीला गेली की थोड्याच दिवसांत पोरही दिसेनाशी होते. मग ती भेटते एकदम बाजारात, कडेवर लेकरू घेऊन. रुखमाबाईच्या लेकीचं, रुपालीचं असंच झालं. सायकल गेल्याचं निमित्त करून बापाने तिला सतराव्या वर्षी उजवून टाकलं. नवरा मेल्यावर बाईने पहिलं काम काय केलं, तर हा स्टँड घेतला.

त्या पोरींतलीच पायल बारावीला होती. पाहुणे बघून गेले होते, पोरगी त्यांना पसंत होती, नाही म्हणत होती ती एकटी पायल. बापाने तिला बजावलं होतं, "सायकल हाय तवरक जाय. गेली का घरी बस. दुसरी भेटनार नाई." हे तिने रुखमाबाईला रडत सांगितलं, आणि त्याच आठवड्यात कोणीतरी तिच्या सायकलीचं कुलूप फोडलं. पाणी भरायला गेलेली रुखमाबाई वेळेत परतली म्हणून सायकल वाचली. तेव्हापासून बाई जागची हलेना. पायलची सायकल तिने साखळीने आपल्या स्टुलालाच बांधून टाकली.

त्या दिवशी सकाळीच ऊन रणरणत होतं. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एक पोरगा आला. त्याचं काही नाही, उन्हाळ्यात अर्धं पुसद तोंड बांधूनच फिरतं. पण हा सरळ खाली बसला आणि कटरने साखळी तोडू लागला.

"कोन रे तू?"

त्याने तिच्या छातीत लाथ घातली. बाई स्टुलासकट उताणी पडली.

उठली ती नळी घेऊनच. पहिला फटका कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज पानठेल्यापर्यंत ऐकू गेला. दुसरा गुडघ्यावर. पोरगा कोसळला आणि सायकल त्याच्या अंगावर आली. "चोर! चोर!" असा ओरडा झाला, तसे आटोवाले, फळवाले, एसटीची वाट पाहणारे सगळे धावले. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणाची सायकल गेली नव्हती, तेही लाथा घालू लागले. चोर सापडला की आपल्या लोकांच्या अंगात काय बळ येतं! कोणी कमरेचा पट्टा काढला, कोणी वीट उचलली. दुपट्टा रक्ताने भिजून गेला.

"नका मारू!" पोरगा किंचाळला. "घरची सायकल हाय! माह्या बहिनीची हाय, पायलची!"

बंटी आटोवाल्याने त्याचा दुपट्टा ओढला. रुखमाबाईने तोंड पाहिलं आणि तिचा हात खाली आला. विक्की. पायलचा मोठा भाऊ. पहिल्या दिवशी बहिणीसोबत सायकल ठेवायला हाच आला होता.

"घरचाच मानूस हाय न, मावशी," बंटी म्हणाला. "कायले मारलं मंग त्याले? देऊन टाका सायकल."

आत्ताच लाथा घालणारे आता विक्कीला पाणी पाजू लागले. रुखमाबाईच्या अंगाचा भडका उडाला. "लाथ मारली त्यानं मले! घरचा असन नाईतर भायेरचा, चोर तो चोर. सायकल पोरीची हाय. तिले इचारा!"

पायल नुकतीच एसटीतून उतरून येत होती. गर्दीने तिला वाट दिली.

"हा तुहा भाऊ हाय का?" बंटीने विचारलं.

विक्कीचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्याने तो तिच्याकडे पाहत होता. "सांग न, पायल."

पायलने साखळीकडे पाहिलं, कटरकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"नाई," ती म्हणाली. "मी नाई ओयखत याले."

गर्दी पुन्हा तुटून पडली. आपल्याला फसवलं याचाही राग आता त्यात होता. विक्कीच्या डोक्याकडे वीट येताना रुखमाबाईने पाहिली. तिने नळी फेकली आणि त्याच्यावर अंग झोकलं. वीट तिच्या खांद्यावर बसली, पट्टे पाठीवर. "बस करा रे! मरन तो!" खाली विक्की आई आई करत होता. बाईला त्याचा संताप येत होता, अजूनही येत होता, आणि तरी तिने त्याला घट्ट धरून ठेवलं होतं.

"तू जाय!" ती पायलवर ओरडली. "कॉलेजात जाय!"

संध्याकाळी पायल सायकल ठेवायला आली. रुखमाबाईचा हात गळ्यात बांधलेला होता.

"दादा?"

"दवाखान्यात हाय. जगते."

"बाबा आलते?"

"आलते. म्हने, जिले भाऊ ओयखू येत नाई, तिले घरबी ओयखू येनार नाई."

"शेवटची एसटी गेली का, मावशी?"

"नाई गेली. पन तू तिच्यात बसू नको. माह्या घरी चाल."

पायलने सायकलीच्या सीटवर कपाळ टेकलं आणि मोठमोठ्याने रडू लागली. रुखमाबाईने तिला रडू दिलं.