मौलाची बसायची शिकवणी

"केरबा, गड्या, दिसभर बसायचं कसं ते शिकीव की मला."

"का रं? ढुंगण न्हाई व्हय तुला?"

मौला कल्हईवाल्याला ढुंगण होतं, पण ते भात्यापुढं उकिडवं बसण्यातलं. लढाई संपली, जावई चांदसाहेब पलटणीतनं उंब्रजला परतला आणि सासऱ्याच्या भट्टीवर बसला. मौला मागं उभा राहून त्याच्या एकेका भांड्याला नाक मुरडायचा. शेवटी मेहरुनबीनं नवऱ्याला बजावलं, आता भट्टीकडं फिरकलात तर जावई लेकीला घेऊन सांगलीला जाईल.

म्हणून मौला पारावर आला. केरबा तिथला जुना बसणारा. भावांनी ऊस लावायचा, यानं पारावरनं बघायचा. शिकवणी मात्र त्यानं मनापासून घेतली. पाठ पिंपळाला टेकवायची. कुणी काम सांगितलं तर 'बघू' म्हणायचं आणि बघायचं नाही. रेडा सुटला तर त्याला नुसत्या नजरेनं वाट दाखवायची. उठावंसं वाटलं, की कूस बदलायची.

दुपारपर्यंत मौलानं इतक्या कुशी बदलल्या, की पारावरचं कुत्रं कंटाळून खाली उतरलं.

मग केरबाच्या घरनं पितळी तांब्यातनं ताक आलं. केरबानं मोठ्या मनानं पहिला घोट शिष्याला दिला. मौलाचं तोंड वाकडं झालं. ताक कळकलेलं, हिरवट. तांब्याच्या आत बोट फिरवलं, तर कल्हईचा मागमूस नाही.

"किती वरसं पितुयास ह्यातनं?"

"सवय हाय. कूस बदल."

मौलानं कूस बदलली ती उठायलाच. घरनं ठिगळाचा जुना भाता, कथील आणि नवसागर आणला, पारामागं खड्डा खणून कोळसा पेटवला. भाता ओढायला माणूस पाहिजे होता. केरबा 'बघू' म्हणाला. मौला म्हणाला, मग ताक बी बघतच ऱ्हा.

केरबा उतरला.

केरबा भाता ओढतोय म्हटल्यावर गाव लोटलं. भाऊ ऊस सोडून आले. बायका आल्या त्या भांडी घेऊनच. मागनं कमरेला पदर खोचून मेहरुनबी आली. तिला बघून मौला घाईनं म्हणाला, "हंडं-पातेली चांदसाहेबाकडं न्या. हितं निस्तं ताकाचं तांबं, ते बी पारावर बसणाऱ्यांचं."

मेहरुनबीनं घामाघूम केरबाला निरखलं.

"हेचंच डोकं खावा रोज," ती म्हणाली. "जावयाचं सोडा."

ती गेली. केरबानं पाठ टेकायला मागं पिंपळ चाचपला, तो हाताला लागेना. मौलानं पुढचा तांब्या चिमट्यात धरला.

"वढ रं. अन् कूस बदलू नगंस."