खोकेबाई आणि काळा मार्कर

समोर सगळे तिला काकू म्हणत आणि पाठ फिरली की खोकेबाई. तिला ते ठाऊक होतं. एकदा तर खुद्द मालकांच्याच तोंडून फोनवर निघून गेलं, "थांबा हं, खोकेबाईंना विचारतो." मग दिवसभर त्यांनी तिच्या टेबलाकडे बघायचं टाळलं.  तिने मात्र संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याला हसत हसत सांगितलं.

दातांच्या त्या लॅबमध्ये तिची बावीस वर्षं गेली होती. गावोगावच्या दवाखान्यांतून तोंडाचे साचे यायचे, वरच्या मजल्यावर अकरा कारागीर त्यावरून कवळ्या, दातांवरच्या टोप्या, जबड्याच्या पट्ट्या घडवायचे आणि ते सगळं खोक्यांत बसून परत जायचं. खाली एका लांबट खोलीत ती, तिचं कपाट आणि पॅकिंगचं टेबल. काय आलं, काय गेलं, कशाला किती लागलं, हे तिचं राज्य.

आली होती ती फोन उचलायला. पहिल्याच महिन्यात तिच्या लक्षात आलं की कुरियरवाले पैसे लावतात ते खोक्याच्या आकाराचे. कवळी मुठीत मावेल एवढी आणि खोकं बुटांच्या जोडाचं! ती तडक मालकांपुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, आपण दात पाठवतो का हवा?" त्या दिवसापासून बाहेरून आलेलं एकही धड खोकं तिने टाकू दिलं नाही. आकाराप्रमाणे रचून भिंतभर फळ्या भरल्या, आणि जो जिन्नस जायचा त्याला अंगाबरोबर बसेल असंच खोकं काढून द्यायची. टोक दुमडून चिकटपट्टीला एक तिकोनी शेपटी ठेवायची तिची पद्धत होती. घेणाऱ्याला कात्री शोधायला लागू नये म्हणून.

कपाटाचाही नियम एकच: जुनं दाखवा, नवं न्या. संपलेली रिफिल दिल्याशिवाय नवी नाही. कारागीर वैतागायचे. नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला, तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्याकडे बिस्किटाचा पुडासुद्धा सहीशिवाय फुटत नाही." ती हसायची आणि पुड्यात किती उरली ते बघून यायची.

सकाळी कपाट उघडण्याआधी मात्र ती डोळे मिटून क्षणभर उभी राहायची. मागणं मोठं नसायचं. आज कुणाचं काही हरवू नये, एवढंच.

मालक थकले तशी त्यांची मुलगी कारभार बघायला लागली. काकूने तिला शाळेच्या दप्तरासकट पाहिलेलं, पण आता ती ताई होती. ताईंना ती फळ्यांची भिंत डोळ्यांसमोर नको होती. मागच्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "काकू, आपलं नाव छापलेली नवी खोकी घेऊ. आपली पार्सलं रद्दीच्या दुकानातून आल्यासारखी दिसतात."

"दिसण्याचे पैसे कोण देणार, ताई?"

"बरं. पण या खोक्यांवरून एक तक्रार आली ना, तर हे सगळं बंद. आणि कपाटाची किल्लीही मग दुसऱ्या कुणाकडे."

ताई हे हसत बोलल्या नव्हत्या.

बुधवारी सकाळी अकराला फोन वाजला. चार तासांवरच्या गावातल्या हॉस्पिटलमधून एक नर्स बोलत होती. तिथे एका शिक्षिकेचा अपघातात जबडा मोडला होता. गुरुवारी सकाळी आठला ऑपरेशन. दोन्ही जबडे सरळ रेषेत धरायला लागते ती पट्टी इथून सोमवारी निघाली होती, मंगळवारी पोहोचायला हवी होती. पोहोचली नव्हती.

"आज रात्री आठपर्यंत आमच्या हातात पडली तरच ती निर्जंतुक करून सकाळी वापरता येईल," पलीकडची नर्स म्हणाली. "नाहीतर ऑपरेशन पुढे. आणि हाड आत्ताच वाकडं जुळायला लागलंय. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलो तर पुन्हा मोडून बसवावं लागेल."

 नवी पट्टी करायची तर दोन दिवस हवेत, आणि साचाही त्याच खोक्यात गेलेला. कुरियरच्या फोनवरची मुलगी एकच वाक्य म्हणत राहिली, "मॅडम, आपलं पार्सल प्रक्रियेत आहे." सोमवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या गोदामात पोहोचल्याची नोंद होती. त्यापुढे काही नाही.

पॅकिंगच्या टेबलाशी वहिनी होती. चाळिशीची, फटकळ, सात महिन्यांपूर्वी लागलेली आणि अजून कायम न झालेली. कामावरचे सगळेच तिला वहिनी म्हणत.

"वहिनी, सोमवारची जबड्याची पट्टी कुठल्या खोक्यात घातली होती?"

"प्लास्टरची पावडर आली होती त्या. तुम्हीच काढून दिलंत."

"त्याच्यावरचा आधीच्या पार्सलचा जुना बारकोड काळा केला होता ना?"

वहिनीचा हात चिकटपट्टीवर थांबला. "कशाने करणार? नखाने?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! मार्कर संपला म्हणून मी शुक्रवारी आले तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, जुना आणून द्या. जुना सापडेना. शनिवारी परत आले, तर म्हणालात, शोधा, त्याला काय पाय फुटले? मग तिसऱ्यांदा कोण येतंय ऐकून घ्यायला? वरचं लेबल फाडून काढलं. तळाला पण एक होतं, ते निघेना. त्याच्यावर चिकटपट्टी मारली."

"पारदर्शक?"

"दुसरी कुठली देता तुम्ही?"

काकूला आठवलं. शनिवारी आपण खातेवहीतून मानसुद्धा वर केली नव्हती. नवे मार्कर कपाटात होते, डझनभर, पाकीट न फोडलेले.

तेवढ्यात पार्सलं न्यायला कुरियरचा गाडीवाला आला. तिने त्याला दारातच धरलं. "का हो, तुमचं मशीन कोड वाचतं ते कुठून?"

"चारी बाजूंनी. खालूनपण."

"आणि दोन कोड दिसले तर?"

"जो आधी दिसेल तो खरा. जुना निघाला तर माल पिंजऱ्यात."

"पिंजऱ्यात?"

"अडलेला माल टाकतात ना, त्या जाळीत. तिथून सुटायला आठवडा धरा." त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं, काकू?"

 तिने पर्स उचलली.

रिक्षात असतानाच ताईंचा फोन आला. त्या बाहेरगावी दंतवैद्यांच्या परिषदेला गेल्या होत्या, गाडी घेऊन. हॉस्पिटलने त्यांनाही कळवलं होतं. "मी कुरियरवर तक्रार टाकलीय. काकू, कुठल्याही कागदावर सही करू नका. चूक त्यांची आहे, भरपाई घेऊ. आणि पॅकिंग कुणी केलं होतं? मला नाव हवंय."

"आधी पार्सल मिळू दे, ताई."

"नाव, काकू."

"आवाज तुटतोय," काकू म्हणाली आणि आयुष्यात पहिल्यांदा ताईंचा फोन तिने आपणहून ठेवला.

गोदाम म्हणजे पत्र्याचं एक मोठं थोरलं पोट होतं. फिरत्या पट्ट्यांवरून खोकी सरकत होती, लाल दिव्याखालून जाताना प्रत्येकावर एक रेघ चमकून जायची. सुपरवायझर डबा खात होता. तिचं सगळं ऐकून त्याने घास गिळला.

"बाई, पिंजऱ्यात अडीचशे नग असतील. एकेकाचा पत्ता वाचत कोण बसणार? नंबर तर मशीनने वाचलाच नाही. आणि खोकी सगळी सारखीच."

"तुम्हाला सारखी. मला आत सोडा."

त्याने केशरी जाकीट दिलं. जाळीच्या आत खोकी छातीएवढी रचलेली. दोन वाजायला आले होते. ती एकेक खोकं उचलून बाजूला ठेवू लागली. धुळीने घसा धरला, कंबर बोलायला लागली. देवा, एवढं एक सापडू दे, असं पुटपुटत होती आणि मध्येच लाजत होती, कारण हे काही देवाने हरवलेलं नव्हतं. पन्नास झाली. ऐंशी झाली. कोपऱ्यातल्या ढिगाला हात घातला आणि बोटाला टोक लागलं. चिकटपट्टीची तिकोनी शेपटी. वहिनीला पहिल्या आठवड्यात तिनेच शिकवली होती, आणि वहिनी कुरकुरत का होईना, दर खोक्याला ठेवायची.

वर हॉस्पिटलचाच पत्ता. खोकं तिने उलटं केलं. तळाला चकचकीत चिकटपट्टीखाली जुना कोड, काचेमागे ठेवल्यासारखा.

"हेच. नेऊ?"

"असं कसं नेता? तुमच्या ऑफिसची तक्रार आहे. तक्रार असलेला माल चौकशीशिवाय हलत नाही."

"चौकशी कधी?"

"परवा."

"परवा त्या बाईचा जबडा पुन्हा मोडायचा का?"

 सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. खणातून एक फॉर्म काढून त्याने तिच्यापुढे सरकवला. "एक वाट आहे. चूक पाठवणाऱ्याची, असं लिहून सही द्या. तक्रार आपोआप बंद, माल तुमचा. पण भरपाई मग विसरा. आणि हे तुमच्या मालकांना मेलने जातं, हं. लगेच."

फॉर्मवर दोन रकाने होते. चूक कोणाची. कारण.

पेन तिच्या हातात थबकलं. पॅकिंग वहिनीनेच केलं होतं, ते लिहिलं तर खोटं ठरलं नसतं. वहिनीची नोकरी गेली असती, किल्ली मात्र काकूच्या पदराला राहिली असती. फळ्या राहिल्या असत्या. बावीस वर्षांचं सगळं जागच्या जागी. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा खटकन पुढे सरकला. सव्वातीन.

तिने पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, पुढे हुद्दा. दुसऱ्या रकान्यात लिहिलं: मार्कर मागितला असता दिला नाही.

सुपरवायझरने वाचलं. "हे काय कारण झालं?"

"खरं आहे ते. फाटक उघडा."

बाहेर एकच टॅक्सी उभी होती. ड्रायव्हरने जो आकडा सांगितला त्यात लॅबची सहा महिन्यांची नवी खोकी आली असती. काकूने भाव केला नाही. मागच्या सीटवर बसली, खोकं मांडीवर घेतलं. "आठच्या आत पोहोचवा."

"प्रयत्न करतो, मावशी."

"प्रयत्न नको. पोहोचवा."

निम्म्या वाटेवर एक ट्रक आडवा झाला होता. गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने चालली. ड्रायव्हर खाली उतरून पुढे बघून आला आणि परत बसला. पर्समधला फोन वाजत होता. वाजून थांबला, परत वाजला. म्हणजे मेल पोहोचला होता. तिने पर्स बंदच ठेवली. खोक्याच्या झाकणावर तळवा ठेवून ती बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांसमोर जिला कधी पाहिलं नाही अशी एक शिक्षिका फळ्यापुढे उभी होती, तोंड गच्च बांधलेली. सहाला रस्ता सुटला. ड्रायव्हरने मग गाडी अशी हाणली की काकूने उरलेला प्रवास डोळे मिटूनच केला.

हॉस्पिटलच्या पायऱ्या चढली तेव्हा आठला अकरा मिनिटं कमी होती. फोनवरची नर्स काउंटरशीच होती. शेपटी धरून तिने चिकटपट्टी ओढली, एका झटक्यात खोकं उघडलं. आत साचा शाबूत, पट्टी शाबूत. "आलं हो!" नर्स आत ओरडली आणि दोन्ही वस्तू ट्रेमध्ये घालून जवळजवळ पळतच गेली.

काकू काउंटरच्या कडेला टेकली. 

थोड्या वेळाने नर्स परत आली. "घेतलं त्यांनी. सकाळचं ऑपरेशन पक्कं. काकू, पाणी देऊ का? आणि हे खोकं टाकून देऊ?"

"टाकू नका!" हे इतकं पटकन निघालं की दोघीही हसल्या.

काउंटरला दोरीने एक जाड काळा मार्कर बांधलेला होता. "जरा घेऊ का?" तिने विचारलं. खोकं उपडं करून तळाचा जुना कोड घासून घासून काळा केला. चिकटपट्टीवर शाई धरेना, तेव्हा ती नखाने सोलून काढली आणि पुन्हा घासला, एक रेघ दिसेनाशी होईपर्यंत. मार्करला टोपण लावून जागेवर ठेवला. खोकं दाबून चपटं केलं, काखेत धरलं.

मग फोन उचलला.

"ताई, पट्टी पोहोचली. वेळेत."

"सही केलीत तुम्ही."

"केली."

"मी नको म्हटलं असताना."

"हो. टॅक्सीही केलीय. पावती आणते. पगारातून कापा." तिने श्वास घेतला. "तुम्हाला नाव हवं होतं. फॉर्मवर आहे तेच खरं. मार्कर कपाटात होते, मी दिले नाहीत. वहिनीचा यात काही संबंध नाही."

 पलीकडे परिषदेतल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"नवी खोकी सोमवारपासून," ताई म्हणाल्या. "फळ्या रिकाम्या करून घ्या."

"करते."

"आणि किल्ली..." ताई अडखळल्या. "किल्लीचं उद्या बोलू. समोरासमोर."

"उद्या सकाळी मला एकदा कपाट उघडावं लागेल," काकू म्हणाली. "वहिनीला मार्कर द्यायचाय."

फोन बंद झाला. टॅक्सीवाला पायऱ्यांखाली चहा पीत उभा होता. तिला येताना पाहून त्याने काखेतल्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. "मावशी, हे रिकामंच नेताय परत?"

"हो," ती म्हणाली आणि त्याने उघडलेल्या दारातून सावकाश आत बसली.