वायर पुरी खोला, जवाईबापू

अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात विजेचा सगळ्यात जास्त मान कोणी राखला असेल, तर तो माझ्या बायकोच्या मामांनी. जन्मभर सुतारकाम केलं, पण त्यांचा जीव रंद्यात नाही, लाकूड कापायच्या विजेच्या कटरमध्ये नाही, एका जाडजूड पिवळ्या एक्स्टेन्शन वायरमध्ये अडकलेला. मुर्रीला आमच्या घरी कामाला आले की आधी ती सायकलवरून उतरायची, मग मामाजी. फळी बोर्डापासून दोन हातांवर असली तरी ते वायर पूर्ण उलगडणार, तिला अंगणाच्या दोन फेऱ्या घालायला लावणार आणि त्यासाठी शेजारणीला तिचं वाळत घातलेलं धान सरकवायला सांगणार. मी एकदा म्हटलं, निम्मी राहू द्या की गुंडाळलेली. तर म्हणाले, "गुंडाळलेली वायर तापते, जवाईबापू. तुमाले रजईत गुंडाळून धान कापायले लावलं, तं तुमी नाई तापणार?"

मग डोळे मिटून ते सगळी वायर बोटांमधून सरकवत. कुठे चीर लागली की काम बंद. टेप लावलेल्या जोडाचा तर त्यांना भयंकर राग. एका लग्नात असा जोड दिसला म्हणून त्यांनी मांडवातली वायरच काढायला लावली आणि मंगलाष्टकं भोंग्याशिवाय झाली. मी कौतुकाने नवी वायर विकत आणली, तर चिमटीत धरून म्हणाले, "हे पंख्याची हाये. कटरले कायले लावून राहिले? शिकलेले आहा ना?" बायको सडा घालायला निघाली की अंगण सुकेपर्यंत मामाजींची सुटी.

एकदा मात्र कटर माझ्या हातात होता. पहिलीत गेलेल्या लेकीचं टेबल मीच करणार, असा माझा हट्ट. मामाजी बोर्डापाशी पायरीवर बसून होते. मधेच लाईन गेली. मी कटर फळीवर ठेवून चहाला आत गेलो. मामाजींना हाक मारली, तर म्हणाले, "तुमी प्या." थोड्या वेळाने घरातला पंखा फिरू लागला, तसा मी बाहेर आलो. लेक कधी तिथे येऊन बसली होती कोण जाणे. पात्यावरचा भुसा बोटाने गोळा करत होती. अंगठा दुखतो म्हणून मी कटरचं बटन दाबून लॉक केलं होतं, ते तसंच होतं. पातं फिरलं नाही, कारण बोर्डातून काढलेली वायरची पिन मामाजींच्या हातात होती.

"लाईन गेली का पिन काढाव," एवढंच ते म्हणाले. "ते सांगून येत नाई."

वाटलं, त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं. पण आमच्याकडे सासरचे वडीलधारे जावयाच्या पाया पडतात, जावई त्यांच्या पडत नाही. संध्याकाळी निघताना मामाजीच रीतीप्रमाणे माझ्यासमोर वाकले आणि मी तो नमस्कार घेतला.

गेल्या उन्हाळ्यात मामाजी गेले. तेव्हा मी सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडलो. कोणी अडवलं नाही. पाय गार होते.