मास्तरांची कात्री

इस्माईल मास्तर फीत कापायला जाताना स्वतःची कात्री घेऊन जात. नगराध्यक्ष झाले तरी बसस्टँडसमोरचं शिलाईचं दुकान त्यांनी बंद केलं नव्हतं. गटाराचं असो की बालवाडीचं, उद्घाटन आलं की तबकातली नाजूक कात्री बाजूला सारायचे आणि सफारीच्या खिशातून आपली काळी, लोखंडी कात्री काढायचे. "ह्या खेळण्यानं काय कापतंय, साहेब?" म्हणायचे. मिरवायची त्यांना भारी हौस होती आणि ती ते लपवतही नसत.

मी त्या पालिकेत पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर होतो. लातूरच्या वाटेवरचं ते गाव तेव्हा फुगत चाललं होतं. भूकंपात घरं पडलेली कुटुंबं भाड्याने येऊन राहिली होती. मागोमाग क्लासेस आले, वसतिगृहं आली, आणि नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा. नवी टाकी आणि पाइपलाइन कर्ज काढल्याशिवाय होणार नव्हती. कर्ज मंजूर झालं त्या दिवशी मास्तरांनी मला दुकानात बोलावून शेरवानीचं कापड दाखवलं. टाकीची फीत कापायला म्हणे हीच घालणार.

निवडणूक वर्षभरावर आली होती. नगरसेवकांचा धोशा एकच, सगळं कर्ज एकदम उचला, सगळे रस्ते एकदम खोदू. मीही त्यांच्याच बाजूने होतो. टप्प्याटप्प्याने उचल म्हणजे दर वेळी झालेलं काम दाखवा, मोजमापं पाठवा आणि मंजुरीची वाट बघत बसा.

"व्याज कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"पैसे उचलल्या दिवसापासून."

"पाइप जमिनीत गेला न्हाई तरी?"

"तरीही."

"मग तागा दुकानदाराकडंच राहू द्या. लागल तेवढंच फाडून आणू. पैसा पडून राहणार अन् व्याज कोण भरणार? पाणीपट्टीवाले! भूकंपातून उठून आलेली माणसं एकेका खोलीत राहायलीत, त्यांच्या नळावर हे वझं घालू काय?"

"मास्तर, मग टाकी निवडणुकीआधी होणार नाही," मी स्पष्टच सांगितलं.

हातातली शेरवानीची अर्धवट शिवलेली बाही त्यांनी घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "न्हाई झाली तर न्हाई."

पुढे दर उचलीच्या कागदावर सही करण्याआधी ते स्वतः चरात उतरत, पाइपावर पाय ठेवून बघत, आणि पँट चिखलाने भरली की मलाच बोलत. प्रचारात विरोधकांनी गावभर केलं, की कात्रीवाल्यानं टाकीच कापली. मास्तर पडले. थोडक्यात नव्हे, चांगलेच आपटले.

टाकी पुढच्या उन्हाळ्यात झाली. उद्घाटनाला नवे अध्यक्ष फीत कापू लागले तर तबकातली कात्री चालेना. फीत नुसती चुरगळत होती, लोक हसायला लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून मास्तर उठले. अंगात साधा शर्ट होता. पुढे येऊन त्यांनी खिशातली कात्री अध्यक्षांच्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "घ्या दादा. जरा दाबून धरा." फीत एका फटक्यात तुटली. टाळ्या अध्यक्षांना पडल्या.

परतताना मी विचारलं, "वाईट वाटलं का, मास्तर?"

"वाटलं की! लई वाटलं. खोटं कशाला बोलू?"

"आणि शेरवानी?"

"उसवायलोय. पोराच्या लग्नाला व्हईल."

पाणीपट्टी त्या साली वाढली नाही. न वाढलेली पट्टी कुणाला दिसत नाही, त्यामुळे मास्तरांचं नावही कुणी घेतलं नाही. मला याचा आजही राग येतो.

मास्तर गेले तेव्हा माझी बदली नांदेडला झाली होती. मी पोचलो तर घरात मय्यतीला आंघोळ घालायची तयारी चालली होती. मला तिथे उभं राहवेना. अंगणाच्या भिंतीकडे तोंड करून मी रडलो. मागे मास्तरांचा मुलगा बादल्या भरत होता, आणि नळाला पाणी चांगलं जोरात येत होतं.