चार नंबरचा कॅम्पर

दुबईत आल्यावर तिसऱ्या वर्षी मला एका लष्करी तळावरच्या रिक्रिएशन ऑफिसात नोकरी लागली. नोकरी लष्कराची नव्हती, कंत्राटदार कंपनीची होती. तळावर काम करणाऱ्यांना सुट्टीसाठी तंबू, बार्बेक्यूच्या शेगड्या, बोटी आणि कॅम्पर गाड्या भाड्याने द्यायच्या, असं ते काम. आमचं ऑफिस बाहेरच्या गेटच्या आत आणि दुसऱ्या गेटच्या बाहेर, मधल्या पट्ट्यात होतं. मागच्या आवारात सहा कॅम्पर उभे असायचे. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, चिमुकलं बाथरूम. प्रत्येकाच्या अंगावर वाळूच्या टेकड्या आणि मावळता सूर्य रंगवलेला.

बाहेरच्या गेटवर रोज सकाळी माझी पर्स उघडून बघायचे. डबा उघडायला लावायचे. फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवायचे. पहिले काही महिने मला ते लागायचं. नंतर त्याची सवय झाली, आणि बहुधा त्याच सवयीने मीही दुसऱ्यांकडे तसंच बघायला लागले. गाडी परत आली की मी यादी घेऊन आत शिरायचे. चमचे मोजायचे, गाद्या उचलायचे, ड्रॉवर ओढून बघायचे. यादीवर शेवटी माझी सही असायची.

तो माणूस तळावरच्या मेसमध्ये कुक होता. चाळिशीचा, सडपातळ, केस नीट विंचरलेले. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी गाडी परत द्यायचा. माझ्याशी हिंदीत बोलायचा.

"मॅडम, चार नंबर मिलेगा?"

चार नंबर सगळ्यांत जुना आणि लहान. तो कुणी मागत नसे. एकदा पाच नंबर त्याच भाड्यात देते म्हटलं, तर त्याने मान हलवली. चारच द्या म्हणाला. फॉर्मवर 'सोबतच्या व्यक्ती' अशी एक ओळ होती. तिथे तो दर वेळी शून्य लिहायचा.

मला पहिल्यांदा खटकलं ते किलोमीटरमुळे. लोक गाडी घेऊन फुजैराला जायचे, लिवाच्या वाळवंटात जायचे, चारशे-पाचशे किलोमीटर करून यायचे. याची गाडी जाऊन-येऊन शंभरच्या आत. चाकांना वाळूचा कण नाही. मात्र पाण्याची टाकी रिकामी, गॅस बराच वापरलेला. एकट्या माणसाने दीड दिवसात एवढं पाणी कुठे घालवलं? मग एकदा बाथरूमच्या जाळीत लांब केस सापडला. भिंतीवर कुणीतरी चिकटपट्टीचा हूक लावला होता. आणि पडदे चक्क धुऊन इस्त्री केलेले. कॅम्परचे पडदे कुणी धुतं का?

मी त्याला विचारलं, "आप अकेले जाते हो ना?"

"हां मॅडम. आराम के लिए."

माझ्याकडे न बघता त्याने चावी टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

घरी, अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी हिशोब केला. "दीड दिवसाचे चारशे दिरहम. म्हणजे नऊ-साडेनऊ हजार रुपये. एक कुक महिन्यातून दोनदा हे कशाला खर्च करेल?" मग जरा थांबून म्हणाला, "तो पुढे कुणाला तरी देत असणार. तासावर."

"तासावर म्हणजे?"

त्याने मुलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "म्हणजे काय ते तुला कळतंय. आणि गाडी कुणाची आहे? यादीवर सही कुणाची आहे?"

त्या कुकबद्दलच्या संशयात माझी स्वतःची भीती मिसळली होती, हे मी आज कबूल करते. व्हिसा, शाळेची फी, फ्लॅटच्या भाड्याचे चेक, सगळं त्या सहीला टांगलेलं होतं.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी आवारात गाडीचे टायर बघत होते. तो गाडीच्या पलीकडे उभा राहून फोनवर बोलत होता, आणि मराठीत बोलत होता. वसईकडचा हेल होता त्याला, पण शब्द न् शब्द मला कळत होता.

"पडदे ओढून घेऊ आल्या आल्या. नाही गं, कुणाला कळत नाही. विचारलं तर एकटाच आहे म्हणून सांगेन. तू मागच्या गल्लीनेच ये."

मी टायरपाशी तशीच बसून राहिले. माझं नाव, आडनाव माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर होतं. मी मराठी आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सहा महिने तो माझ्याशी हिंदी बोलत होता. माझ्या मनात जे काही अर्धवट होतं ते त्या क्षणी पक्कं झालं.

त्या दिवशी तो गेल्यावर मी कॉम्प्युटरवर गाडीचा ट्रॅकर उघडला. एरवी गाडी बंद पडली तरच आम्ही तो बघायचो. चार नंबर अल क्वोजमध्ये उभा होता. समुद्राकाठी नाही, वाळवंटात नाही, गोदामांच्या मागच्या एका गल्लीत. मागच्या नोंदी काढल्या. दर वेळी तीच गल्ली.

सोमवारी मी मॅनेजरला ईमेल लिहिला. तोंडी सांगू शकले असते, पण लिहिलेलं असलं की आपण सुटतो, असं मला वाटलं. किलोमीटर, केस, पडदे, फोनवरचं बोलणं, गल्ली, सगळं लिहिलं. 'संशयास्पद' हा शब्द तीनदा आला होता, ते मी नंतर मोजलं.

मॅनेजर इजिप्शियन होता. जाड भिंगाचा चष्मा, आवाज कधी न चढवणारा. त्याने ईमेल दोनदा वाचला आणि म्हणाला, "पुढच्या खेपेला त्याला गाडी दे. काही बोलू नकोस. रविवारी आपण जाऊ. तुला त्याची भाषा येते."

मधले बारा दिवस वाईट गेले. तो शनिवारी आला, फॉर्म भरला, शून्य लिहिलं. मी चावी देताना हसले. ते हसू मला अजून आठवतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही ऑफिसच्या पिकअपमधून अल क्वोजला पोहोचलो. सुट्टीमुळे गोदामांची शटर्स खाली होती. टायरच्या एका गोदामाच्या भिंतीला लागून, सावलीत, चार नंबर उभा होता. पडदे ओढलेले. एसीचं पाणी खाली टपटपत होतं. मॅनेजरने दारावर बोटाने वाजवलं. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि सगळं गप्प झालं. त्याने पुन्हा वाजवलं.

दार एका बाईने उघडलं. पस्तीस-छत्तिशीची असेल. गाऊन, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले, दोन्ही हातांना पीठ. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याला बारीक क्रूस. आमच्या छातीवरचे बिल्ले बघून तिचा चेहरा पांढरा पडला. तिच्या मागे तो बनियनवर उभा होता. छोट्याशा टेबलावर दोन ताटं वाढलेली. कढईतल्या तेलात फुगे, वसईकडचे ते मैद्याचे गोल वडे, तळले जात होते, आणि भाजलेल्या मसाल्याच्या सुकटीचा वास दारातून बाहेर येत होता. हुकाला एका मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो लटकवला होता.

तीच मुलगी टेबलावर फोनमध्ये होती. फोन साखरेच्या बरणीला टेकवलेला, व्हिडिओ कॉल चालू.

"आई, कोण आलंय?" तिने विचारलं.

बाईने माझ्याकडे बघितलं. ती नजर विनवत होती की गप्प राहा म्हणून बजावत होती, मला सांगता येणार नाही. ती फोनकडे वळून म्हणाली, "शेजारच्या मावशी आल्यात, बाळा."

"मला दाखव ना."

बाईने पिठाच्या हातानेच फोन माझ्याकडे वळवला. नऊ-दहा वर्षांची मुलगी. केसांना रिबिनी.

"मावशी, तुमचं घर कुठलंय?"

"इथलंच," मी म्हणाले. "बाजूचं."

"तुमच्याकडेपण किचन एवढंच आहे?"

"हो. एवढंच."

"आई म्हणते मोठं घर मिळालं की मला नेणार."

मी मान हलवली. बाईने "नंतर करते हं" म्हणत फोन बंद केला आणि गॅसही बंद केला.

पुढचं पाच मिनिटांत झालं. मॅनेजरने विचारलं, ही कोण. तो म्हणाला, बायको. मॅनेजर म्हणाला, कागद. त्याने गादीखालून प्लास्टिकची फाइल काढली. त्यात लग्नाचा दाखला होता, वसईच्या चर्चचा शिक्का, त्यावर इथल्या वकिलातीचा शिक्का. मला वाटतं तो ती फाइल नेहमी जवळ बाळगत असणार. कधीतरी कुणीतरी दार वाजवणार हे त्याला माहीत होतं.

बायको जवळच्याच भागातल्या एका व्हिलात मुलं सांभाळायची आणि तिथेच राहायची. तिला एकाआड एक रविवारी सुट्टी मिळायची, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी निघायची परवानगी. तो तळावर आठ जणांच्या खोलीत राहायचा. या देशात आल्यापासून चार वर्षं त्या दोघांना एकत्र बसायला दार लावता येईल अशी जागा नव्हती. हॉटेलात राहून पाहिलं होतं, पण तिथे तिला चूल मांडता येत नव्हती. तिला एक दिवस तरी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या माणसासाठी काही करायचं होतं.

मॅनेजर चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "तिचं नाव फॉर्मवर का नाही लिहिलं?"

"सर, ती माझ्या व्हिसावर नाही, तिच्या मालकाच्या व्हिसावर आहे. तुमच्या नियमात ती माझी फॅमिली होत नाही. ती गेस्ट होते. गेस्ट चालत नाही."

नियम तसाच होता. तो मीच काउंटरवर अरबी आणि इंग्रजीत चिकटवला होता.

"संध्याकाळी आण गाडी," मॅनेजर म्हणाला. "आत्ता नको. जेवा. यल्ला." चल अशी मला खूण करून तो खाली उतरला.

परतताना मॅनेजर म्हणाला, "कागद खरा होता ना?" आणि लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मीही तो शिक्का डोळ्यांसमोर आणून तपासला.

मॅनेजरच्या हातात असतं तर त्याने प्रकरण दाबलं असतं. पण माझा ईमेल होता. त्याची प्रत मी नियमाप्रमाणे सुरक्षा विभागालाही पाठवली होती. माझी कातडी वाचवण्यासाठी. विभागाने चौकशी केली, दाखला तपासला, कुकच्या नोकरीला हात लावला नाही. पण फॉर्मवर खोटी माहिती दिल्याबद्दल त्याला वर्षभर काहीही भाड्याने देऊ नये असं लिहून आलं.

ती चिठ्ठी त्याला द्यायला मीच होते. त्याने वाचली, घडी करून खिशात ठेवली. मी मराठीत म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंत. एकदा तरी."

तोही पहिल्यांदा मराठीत बोलला. "मॅडम, आपल्या माणसाला सांगितलं की ते चार घरी जातं. बायको ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापर्यंत गेलं असतं तर तिला सोडलंच नसतं बाहेर. म्हणून तुमच्याशी हिंदीच बरी वाटली." त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी नवऱ्याशी बोलले आणि त्या दोघांना आमच्याकडे रविवारी बोलावलं. पूर्ण दिवस राहा, आम्ही बाहेर जातो, असंही सुचवलं. एकदा आले. येताना खजुराचा डबा आणला. सोफ्याच्या कडेला बसले. मी नको नको म्हणत असताना ती उठली आणि माझ्या सिंकमधली सगळी भांडी घासून, पुसून, जागेवर लावून आली. दुपारी चारला निघाले. ते गेल्यावर माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, व्हाय डिड शी क्लीन अवर किचन?" त्यानंतर मी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा त्याने "इन्शाल्ला" म्हटलं. ते आले नाहीत.

मी फॉर्म बदलायला बसले. 'कुटुंब म्हणजे व्हिसावरील व्यक्ती' या ओळीच्या जागी 'किंवा विवाहाचा प्रमाणित दाखला असलेली व्यक्ती' एवढंच घालायचं होतं. मॅनेजरने तो कागद वर पाठवला. तो तीनदा परत आला, दर वेळी नवी शंका घेऊन. लोक याचा गैरफायदा घेतील, बनावट दाखले आणतील, तपासणार कोण. तपासेन मी, असं लिहून दिलं. आठ महिन्यांनी सही झाली.

नियम बदलल्याचं सांगायला मी मेसमध्ये गेले, तेव्हा कळलं की तो महिन्यापूर्वी नोकरी सोडून गेला. अबू धाबीच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये, असं एकाने सांगितलं. दुसरा म्हणाला, नाही, बायको वसईला परतली, मुलीजवळ, आणि तो जहाजावर लागला. कुणालाच नक्की माहीत नव्हतं. त्याचा नंबर जुन्या फॉर्मवर होता. मी मेसेज पाठवला. नवीन नियमाचं लिहिलं, आणि खाली माफ करा असं लिहिलं. पुसलं, पुन्हा लिहिलं, पाठवलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं, मराठीत. "ठीक आहे मॅडम. मिसेस गावी आहे. मुलगी बरी आहे."

तो स्वतः कुठे आहे ते त्याने लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही.